तिचा गुरुवार असतो

आई फोनवर सांगायची, "आज नको, तिचा गुरुवार असतो."
पलीकडे कुमुदआत्या. तिला वाटलं, दत्ताचा.
तेव्हापासून दर खेपेला डब्यात साबुदाणा वडे,
राजगिऱ्याच्या वड्या, एकदा तर
गाणगापूरहून आणलेली विभूती.
ती मी कीबोर्डशेजारी ठेवली.
आईने आत्याची समजूत सुधारली नाही. मीही नाही.

अकरा वर्षं, रात्री नऊ.
दांडिया बाजारातली मागची खोली, पंखा बंद,
कारण त्याची घरघर पार ब्राझीलपर्यंत जायची.
मी ढाल. म्हणजे सगळ्यांच्या पुढे उभं राहून मार खायचा
आणि राक्षसाचं लक्ष
दुसऱ्या कुणाकडे जाऊ द्यायचं नाही.
(मकरपुऱ्याच्या कंपनीत मुलाखतीला विचारलं होतं,
माणसं सांभाळल्याचा काही अनुभव?
मी नाही म्हणाले.)

टोळीचं नाव मगर मंडळ. मीच ठेवलेलं.
बाकीचे तेवीस जण त्याला मंदाल म्हणायचे.
इझ्मीरच्या ओरहानच्या मागे बांग व्हायची,
रेसिफेत तायसची आई तिला जेवायला बोलवायची;
शब्द कळायचे नाहीत,
तिसऱ्या हाकेतला राग कळायचा.

पूर आला त्या वर्षी वीज तीन दिवस नव्हती.
चौथ्या रात्री आत शिरले तर सगळे
किल्ल्याच्या पायरीवर बसलेले, न लढता.
मगर आली होती का गं दारात?
आली होती.
नीताबेनच्या ओट्याखाली दुपारभर पडून,
डोळे उघडे, कशाचीच घाई नाही.
गेली कधी ते कुणी पाहिलं नाही.
सकाळी गाळात नुसता पोटाचा ठसा.

भांडण वगैरे झालं नाही.
खेळही बिघडला नाही, उलट नवे डोंगर आले,
पाण्यात आता खरं प्रतिबिंब पडतं.
राक्षस आम्ही गुरुवारी मारायचा,
मंगळवारी तो परत उभा, आणि तेच वाक्य:
कोणी मोडली माझी झोप?
दोनशे सहाव्या वेळी मला वाटलं,
झोपू द्यावं की याला.
बोटं आपलं काम करत राहिली,
तीन, तीन, एक, मागे, परत तीन.
तो पडला. सगळे ओरडले, मीपण ओरडले,
आणि ओरडता ओरडता आठवलं,
मूग भिजत घालायचे राहिले.

मग एका गुरुवारी मी सेवउसळीच्या गाडीवर,
तरी जास्त मागून घेतलेली, नाक पुसते आहे,
घड्याळात नऊ वीस.
आता पोटात काहीतरी तुटेल म्हणून
जराशी थांबले.
मग आणखी एक पाव मागितला.

तिकडे पुढे कुणीतरी उभं राहिलं असेल.
राहिलीच. तायस. मीच शिकवलेली,
माझ्यापेक्षा बरी उभी राहते म्हणे.
तिसऱ्या दिवशी ओरहानचा निरोप: मगर बरी आहे ना?
लिहिलं, बरी आहे. ऊन खात पडली आहे.
त्याने पुढे विचारलं नाही,
याचं मात्र वाईट वाटलं, दोन दिवस.

व्रत सोडायचं तर उद्यापन करतात,
पानं मांडतात, दक्षिणा देतात,
कुणीतरी तृप्त झालो म्हणतं.
मी तेवीस पानं कुठे मांडू?
कुणाच्या वेळेला दुपार, कुणाच्या वेळेला पहाट.

आई अजून नऊ वाजले की टीव्हीचा आवाज कमी करते,
माझ्या खोलीचं दार हलक्या हाताने ओढून घेते.
आत मी वाळलेल्या मोज्यांच्या जोड्या लावते.
तीन, तीन, एक. एक मोजा नेहमी उरतो.
टेबलावर आत्याचा डबा, वडे अजून कोमट.
पंखा पाचवर.

आईला पंखा ऐकू येत असणार.